डॉ. खानोलकर : कापण्याआधी वाचायला शिकवणारा माणूस

खानोलकर म्हटलं की मराठी विभागाच्या वाचकांना चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजे आपले आरती प्रभूच आठवणार. मलाही तेच आठवले होते. गेल्या वर्षी आमची बॅच खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्राला भेट द्यायला गेली, तेव्हा तिथल्या एका इमारतीवर नाव वाचलं, खानोलकर शोधिका. कॅन्सरच्या संस्थेत कवीच्या नावाची इमारत कशी, असं मी मैत्रिणीला विचारलं आणि परतीच्या बसमध्ये सगळ्यांनी माझी यथेच्छ टिंगल केली. ते खानोलकर वेगळे. हे डॉ. वसंत रामजी खानोलकर, भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक. एवढं ऐकलं आणि मी विसरून गेले. त्यांची खरी ओळख झाली ती या दिवाळीच्या सुट्टीत, आंबिवलीला, मावशीच्या कपाटात साड्यांच्या घडीत लपवलेल्या एका रिपोर्टमुळे.

मावशी आंबिवली स्टेशनपासून मोहन्याच्या रस्त्याला राहते. वय ४३. तपासणी शिबिरात काहीतरी शंकास्पद निघालं, मग कल्याणला जाऊन गर्भपिशवीच्या तोंडाची बायोप्सी झाली आणि आठवड्याने हा कागद हातात आला. ज्या नर्सिंग होममध्ये तिने तो दाखवला तिथल्या डॉक्टरांनी वरवर नजर टाकून सांगितलं की पिशवी काढून टाका, सोमवारी अ‍ॅडमिट व्हा, नाहीतर कॅन्सर होईल. परळच्या तज्ज्ञ डॉक्टरांची वेळ मिळाली होती अकरा दिवसांनंतरची. काकांना तिने काहीच सांगितलं नव्हतं. मला दाखवला, कारण मी इंजिनीअर होणार, म्हणजे मला इंग्रजी रिपोर्ट कळणारच असा तिचा समज!

कागदावर लिहिलं होतं, हाय ग्रेड स्क्वेमस इंट्राएपिथेलियल लीजन, सी.आय.एन. ३, नो इव्हिडन्स ऑफ इन्व्हेजन इन द सेक्शन्स एक्झामिन्ड. मला त्यातलं फक्त हाय ग्रेड कळलं आणि पोटात गोळा आला. ते अकरा दिवस मी वाचत होते. आधी तो कागद, मग कागदामागचं शास्त्र आणि मग हे शास्त्र आपल्या मुंबईत ज्याने रुजवलं त्या माणसाचं आयुष्य.

मुलांच्या हॉस्टेलमधल्या वाचकांनी इथे पान उलटू नये. प्रत्येकाच्या घरी आई आहे, ताई आहे, मावशी आहे.

डॉ. खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. घराणे गोमंतक मराठा समाजातले. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारखे सूर ज्या समाजाने दिले, त्याच समाजाने देशाला त्याचा पहिला मोठा विकृतिशास्त्रज्ञही दिला, हे मला फार आवडलं. विकृतिशास्त्र म्हणजे पॅथॉलॉजी. शब्द जरा भीतीदायक आहे खरा, पण अर्थ साधा आहे. शरीराच्या पेशींत काय बिघडलं ते बघून सांगणारं शास्त्र.

ते लंडनला गेले आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची पॅथॉलॉजीतली एम.डी. घेऊन परतले. परदेशातून डॉक्टर होऊन आलेल्या माणसाला मुंबईत दवाखाना थाटून बक्कळ पैसा करता आला असता. पॅथॉलॉजिस्टला रोगी भेटत नाही, दुवा मिळत नाही, दारावरच्या पाटीला गर्दी होत नाही. खानोलकरांनी शिकवण्याची वाट धरली. ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात ते पॅथॉलॉजीचे प्राध्यापक होते. जी. एस. १९२६ मध्ये सुरू झाले, तेव्हा देणगीदारांची अट होती की तिथे शिकवणारे सगळे भारतीय असावेत. इंग्रजांच्या राज्यात ही लहान गोष्ट नव्हती. भारतीय प्राध्यापक जागतिक दर्जाचं काम करू शकतात की नाही, हे तिथल्या प्रत्येकाला रोजच्या रोज सिद्ध करावं लागत असणार.

इथे थोडं थांबून पॅथॉलॉजिस्ट करतो काय ते सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मेटलर्जीच्या प्रॅक्टिकलला आपण काय करतो? नमुना कापायचा, बेकलाइटमध्ये बसवायचा, एमरी पेपरवर घासून घासून त्याचा आरसा करायचा, नायटल लावायचं आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. नायटल न लावलेला नमुना नुसताच चकाकतो, ग्रेन दिसत नाहीत. जर्नल पूर्ण करण्याच्या घाईत हे आपण विसरतो, पण पोलादाच्या पोटात काय आहे हे बाहेरून कळत नाही म्हणून ही सगळी उठाठेव. बायोप्सीचंही तेच. चिमटीने काढलेला काही मिलिमीटरचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकतात, म्हणजे तो सडत नाही. मग तो पॅराफिन मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. हा झाला ब्लॉक. मायक्रोटोम नावाच्या यंत्राने त्याचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप घेतात, काचेवर चढवतात आणि दोन रंग देतात. हिमॅटॉक्सिलिनने पेशीचं केंद्रक निळंजांभळं होतं, इओसिनने बाकीचं गुलाबी. हिमॅटॉक्सिलिन एका झाडाच्या लाकडातून मिळतं, हे वाचून मला उगाचच बरं वाटलं.

मग एक माणूस डोळा लावतो आणि ठरवतो. हे महत्त्वाचं आहे. रिपोर्ट यंत्रातून छापून येत नाही. साखरेचा किंवा हिमोग्लोबिनचा आकडा यंत्र देतं, बायोप्सीचा निकाल माणूस वाचून देतो. खानोलकरांनी आयुष्यभर काय केलं, तर अशी वाचणारी माणसं तयार केली.

१९४१ हे त्यांच्या आयुष्यातलं मोठं वर्ष. लेडी मेहरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ, सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून परळला कॅन्सरचं इस्पितळ उभं राहिलं. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियलचं उद्घाटन झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले डॉ. खानोलकर. भारतात कॅन्सर फारसा नसतो, तो पाश्चात्त्यांचा रोग, असा समज त्या काळात पसरलेला होता. आता देशभरातून रोगी एका दारात येऊ लागले आणि त्या प्रत्येकाचा तुकडा खानोलकरांच्या टेबलावर. समज टिकणार कसा?

पण नुसती स्लाइड बघून नाव देणारे ते नव्हते. तुकडा पाहिला की त्यांना त्या माणसाची राहणी हवी असे. हा काय नेसतो, काय चघळतो, कुठला राहणारा, कोणत्या समाजाचा? १९४५ मध्ये सूर्यबाई या सहसंशोधिकेबरोबर त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. भारतीय सवयींशी जोडलेल्या कॅन्सरच्या नव्या प्रकारांची त्यात नोंद होती. त्यातला एक म्हणजे धोतराचा कॅन्सर. कमरेला वर्षानुवर्षे एकाच जागी करकचून धोतर बांधायचं, घाम आणि घर्षण, कातडी आधी काळवंडते, मग जाड होते, मग जखम बरीच होत नाही आणि शेवटी तिथे कॅन्सर. दुसरा खैनीचा. तंबाखू आणि चुना मळून खालच्या ओठाच्या खोबणीत दाबून ठेवणाऱ्यांना नेमका तिथेच. आज आपल्याला हे उघड वाटतं. (हॉस्टेलच्या मागच्या टपरीवर जाणाऱ्यांना अजूनही वाटत नाही, तो भाग वेगळा.) पण त्या वेळी रोगाला सवयीशी, सवयीला समाजाशी जोडून बघणं ही नवी दृष्टी होती.

आणि इथेच ते माझ्या मावशीच्या कागदापर्यंत येऊन पोचतात. मुंबई हे अशा माणसासाठी घबाडच होतं. एकाच शहरात, एकाच हवापाण्यात किती जातीधर्माचे लोक! खानोलकर आणि त्यांचे सहकारी नोंदी लावू लागले तेव्हा दिसलं की पारशी बायकांत स्तनाचा कॅन्सर जास्त आणि गर्भाशयाच्या मुखाचा कमी, हिंदू बायकांत मात्र उलट. का? लग्नाचं वय, बाळंतपणांची संख्या, स्वच्छता, सुंता, गरिबी, अशा कित्येक कारणांवर तेव्हा जगभर चर्चा झाली. खरं कारण खानोलकरांच्या हयातीत सापडलं नाही. ते गेल्यावर पाच वर्षांनी, १९८३ मध्ये, जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने या कॅन्सरच्या पेशींत एच.पी.व्ही. १६ हा विषाणू दाखवला, पुढच्या वर्षी एच.पी.व्ही. १८. त्यासाठी त्यांना २००८ चं नोबेल मिळालं. लग्नाचं वय वगैरे सगळे धागे त्या एका विषाणूकडे जात होते.

हे समजल्यावर मी मावशीला पहिली गोष्ट काय सांगितली असेल, तर ही की यात कोणाचा दोष शोधू नकोस. तिने रिपोर्ट लपवला होता तो याच भीतीने. काका काय म्हणतील, सासरी काय म्हणतील. हा विषाणू इतका सर्रास आहे की लग्न झालेल्या बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो लागतोच आणि बहुतेकांच्या शरीरातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींत राहतो. कधी लागला, कोणाकडून लागला हे कोणताही रिपोर्ट सांगू शकत नाही. कधीकधी तो वीस वर्षांपूर्वीचा असतो. तेव्हा कागदावर व्यभिचार लिहिलेला नाही, हे आधी डोक्यातून जाऊ दे.

मग सी.आय.एन. म्हणजे काय? गर्भाशयाच्या मुखावर पेशींचं एक पातळ अस्तर असतं, जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. एकावर एक थर, तळाशी नव्या पेशी जन्मतात आणि वर सरकताना चपट्या होतात. त्या तळाखाली एक पडदा आहे, बेसमेंट मेम्ब्रेन. बिघडलेल्या पेशी तळापासून एक तृतीयांश उंचीपर्यंत असतील तर सी.आय.एन. १, दोन तृतीयांशपर्यंत २, त्याहून वर किंवा पूर्ण जाडीत ३. आता दोनच गट करतात, १ म्हणजे लो ग्रेड, २ आणि ३ म्हणजे हाय ग्रेड. या तिन्हींत पडदा शाबूत असतो. पेशी पडदा फोडून खाली उतरल्या की त्याला इन्व्हेजन म्हणतात आणि तो कॅन्सर. म्हणजे हाय ग्रेड हा शब्द कॅन्सरचा नाही, कॅन्सरच्या आधीच्या पायरीचा आहे. रिपोर्ट हातात आला की पहिल्यांदा डोळे इन्व्हेजन या शब्दावर न्यावेत आणि त्याच्या आधी नो आहे का बघावं. मी मावशीच्या कागदावर त्या नो खाली पेन्सिलने रेघ मारली.

पण पुढे लिहिलं होतं, तपासलेल्या कापांमध्ये. प्रामाणिक पॅथॉलॉजिस्ट एवढंच म्हणू शकतो. वेल्डच्या तीन ठिकाणांहून कूपन कापली आणि भेग दिसली नाही, म्हणजे अख्ख्या वेल्डमध्ये नाहीच असं नाही. तुकडे कुठून घेतले, किती घेतले, नळीच्या आतल्या भागातून खरवडून नमुना घेतला का, पॅप टेस्टचा आणि बायोप्सीचा निकाल जुळतो का, हे सगळं तज्ज्ञ बघतात. पॅप टेस्ट ही गळून आलेल्या सुट्या पेशींची असते. त्यावरून संशय घेता येतो. कुठल्या थरापर्यंत बिघाड आहे ते मात्र बायोप्सीच्या उभ्या कापातच कळतं.

खानोलकरांच्या गोष्टीकडे परत येते. १९५२ मध्ये परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झाले आणि ते त्याचे पहिले संचालक झाले. १९५० ते १९५४ या काळात ते आंतरराष्ट्रीय कॅन्सर संघाचे अध्यक्षही होते. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाचा, परळच्या प्रयोगशाळेतला माणूस जगाच्या कॅन्सर संघटनेच्या खुर्चीवर, हे चित्र डोळ्यासमोर आणून बघा. पण मला त्याहून मोठं वाटतं ते त्यांनी गोळा केलेल्या माणसांचं. जनुकशास्त्राला सांघवी होते, त्यांच्याबरोबर खानोलकरांनी मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजांचे रक्तगट तपासले. सत्यवती सिरसाट होत्या, त्यांनी पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा विभाग उभा केला. आणि कमल रणदिवे होत्या.

कमलताई पुण्याच्या, माहेरच्या समर्थ. हुजूरपागा, मग फर्ग्युसन. १९४९ मध्ये खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. घेऊन त्या अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे पेशीसंवर्धन शिकायला गेल्या. परत येऊन परळला देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा त्यांनी उभी केली.

आणि हे गाय कोण? १९५१ च्या सुरुवातीला हेन्रिएटा लॅक्स नावाची पाच मुलांची आई जॉन्स हॉपकिन्समध्ये आली होती. गर्भाशयाच्या मुखावर गाठ. तिथून काढलेला एक तुकडा गाय यांच्या प्रयोगशाळेत गेला आणि त्यातल्या पेशी मरेचनात. माणसाच्या शरीराबाहेर अखंड वाढत राहिलेली ती पहिली मानवी पेशी, हेला. पोलिओच्या लशीपासून अवकाशयानापर्यंत ती सगळीकडे गेली. हेन्रिएटा मात्र त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, ३१ व्या वर्षी वारली. तिची परवानगी कोणी घेतली नव्हती, तिच्या घरच्यांना वीस वर्षं पत्ता नव्हता. जगातली सर्वात प्रसिद्ध बायोप्सी ही अशी, मावशीच्याच अवयवाची. आणखी एक गोष्ट. तिचा तुकडा आधी एका प्रकारचा कॅन्सर म्हणून वाचला गेला. पुढे वीसेक वर्षांनी त्याच जुन्या स्लाइड पुन्हा पाहिल्या, तेव्हा तो दुसऱ्याच प्रकारचा, अ‍ॅडिनोकार्सिनोमा निघाला. त्या काळी उपचार दोन्हींना बहुधा तेच झाले असते. तरीही एका मोठ्या इस्पितळात पहिलं वाचन चुकू शकतं आणि स्लाइड जपून ठेवली असेल तर दुसऱ्यांदा वाचता येते, हे मी लक्षात ठेवलं.

म्हणून भाऊबीज झाल्यावर मी शहाड, कल्याण करत त्या लॅबमध्ये गेले आणि मावशीच्या सहीच्या चिठ्ठीवर स्लाइड आणि ब्लॉक मागितले. काउंटरवरच्या मुलाने असं बघितलं की जणू मी मशीनच उचलून न्यायला आले आहे. रिपोर्ट दिलाय ना, मग ब्लॉक कशाला, असा त्याचा प्रश्न. पण दिले. मेणाचा एवढासा ठोकळा, प्लास्टिकच्या जाळीदार डबीत, वर नंबर. मावशीने तो हातात घेतला आणि बराच वेळ काहीच बोलली नाही.

आता सोमवारच्या ऑपरेशनचं. मावशी जवळजवळ तयार झाली होती. घाबरलेल्या माणसाला तारीख मिळाली की बरं वाटतं. मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली न्यूझीलंडची. ऑकलंडच्या एका इस्पितळात १९६६ पासून एका डॉक्टरांनी असं धरून चाललं की सी.आय.एन. ३ चं पुढे काही होत नाही, आणि कित्येक बायकांना पुरेसे उपचार न देता नुसतं बघत राहिले. हे प्रकरण १९८७ मध्ये बाहेर आलं, चौकशी झाली. पुढे २००८ मध्ये त्या बायकांचा हिशेब प्रसिद्ध झाला. ज्यांना नीट उपचार मिळाले नाहीत त्यांच्यापैकी सुमारे ३१ टक्के बायकांना ३० वर्षांत कॅन्सर झाला, ज्यांना मिळाले त्यांच्यात एक टक्क्याहूनही कमी. म्हणजे सी.आय.एन. ३ विसरून चालणार नाही, उपचार हवेतच. पण तेच आकडे हेही सांगतात की हा प्रवास वर्षांचा आहे, दिवसांचा नाही. परळच्या तारखेपर्यंत अकरा दिवस थांबलं तर काही बिघडत नाही. सी.आय.एन. १ असतं तर बहुतेकदा काहीच न करता फक्त पुन्हा तपासणीला बोलावतात, कारण ते बहुधा आपोआप बरं होतं.

दुसरी गोष्ट आपल्याच बीडची. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढण्याचं प्रकरण गाजलं. सरकारी समितीने ८२ हजारांवर बायकांची पाहणी केली, त्यात १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. कित्येकींना कॅन्सरची भीती घातलेली होती आणि कित्येकी चाळिशीच्याही आतल्या होत्या. त्यांच्यापैकी कितीजणींचा तुकडा आधी कोणी सूक्ष्मदर्शकाखाली धरला असेल? हाय ग्रेड बिघाडावर सहसा पहिला उपचार पिशवी काढण्याचा नसतो. लीपमध्ये विजेच्या तारेच्या फासाने फक्त बिघडलेला भाग काढतात, जागा भूल देऊन, त्याच दिवशी घरी. काढलेला भाग पुन्हा पॅथॉलॉजिस्टकडे जातो आणि कडा स्वच्छ आहेत का ते बघतात. कुठे गोठवून किंवा उष्णता देऊन तो भाग नष्ट करतात. आणि आत कुठे खरंच इन्व्हेजन दडलेलं असेल, तर घाईने केलेली साधी पिशवी काढण्याची शस्त्रक्रिया अपुरी पडते, मग पुढचे उपचार अवघड होतात. पिशवी काढावी लागतच नाही असं मी म्हणत नाही. ते ठरवणारी मी कोण? पण आधी वाचायचं, मग कापायचं, एवढा क्रम तरी सांभाळायला हवा.

मावशीने नर्सिंग होमला फोन करून सोमवार रद्द केला. त्या रात्री तिने काकांनाही सांगितलं. काका फक्त एवढंच बोलले की मला आधी का नाही सांगितलंस, आणि उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

खानोलकरांचं बाकीचं आयुष्य मी जरा भरभर सांगते. कुष्ठरोगात मज्जातंतूंना सुरुवातीला काय होतं, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने अभ्यासलं, ते काम कॅन्सरइतकंच मानलं जातं. देशातल्या पॅथॉलॉजिस्टांची संघटना उभारण्यात ते पुढे होते. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गाच्या परिणामांवरच्या समितीत त्यांनी भारताच्या वतीने काम केलं. पद्मभूषण मिळालं, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हा मान मिळाला. आणि १९६० ते १९६३ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. २९ ऑक्टोबर १९७८ ला ते गेले.

त्यांनी घातलेल्या पायावर पुढे टाटा मेमोरियलने जे केलं त्यातली एक गोष्ट मात्र आपल्या लोकांनी वाचलीच पाहिजे, कारण ती निव्वळ एचिंग आहे. गर्भाशयाच्या मुखावर पातळ अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे जवळजवळ व्हिनेगर, लावलं की बिघडलेला भाग मिनिटभरात पांढरा दिसतो. १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास झाला. तपासणी करणाऱ्या होत्या प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविका. २०१४ मध्ये निष्कर्ष छापून आले, तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणी दिली नाही यावर टीकाही झाली आणि ती मला पटते. तिकडे उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, एक लाख तीस हजारांवर बायकांचा अभ्यास झाला. २००९ चा त्याचा निकाल असा की आयुष्यात एकदाच केलेल्या एच.पी.व्ही. चाचणीनेही मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. आणि तरी २०२२ या एका वर्षात भारतात या कॅन्सरचे सव्वा लाखाच्या वर नवे रोगी आणि ८० हजारांच्या आसपास मृत्यू, असा जागतिक संस्थेचा अंदाज आहे. जो रोग वर्षानुवर्षं आधी वर्दी देतो त्याचे! आम्हा मुलींसाठी लस आहे, पुण्याच्या सिरमनेही बनवली आहे. लेडीज हॉस्टेलच्या बोर्डावर मेसच्या मेनूशेजारी त्याची सूचना लावायला रेक्टर मॅडमची हरकत नसावी.

अकराव्या दिवशी सकाळची कसाऱ्याहून येणारी लोकल पकडून आम्ही तिघं परळला गेलो. मावशीच्या पिशवीत रिपोर्ट, ब्लॉक, स्लाइड आणि माझ्या अक्षरात लिहिलेले सहा प्रश्न. डॉक्टर मॅडमनी ते कागद वाचले, हसल्या, आणि स्लाइड आधी त्यांच्या पॅथॉलॉजीत पाठवल्या. चार दिवसांनी तिथलाही निकाल तोच आला, सी.आय.एन. ३, इन्व्हेजन नाही. दुर्बिणीसारख्या कॉल्पोस्कोपने बघून लीप केलं. मावशी संध्याकाळी आंबिवलीत घरी होती. काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आल्या. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि मग पुढची कित्येक वर्षं ठरावीक वेळी.

ब्लॉकची ती डबी परत मिळाली. मावशीने ती देव्हाऱ्याखालच्या खणात, रेशनकार्ड आणि घराच्या कागदांबरोबर ठेवली आहे.